चिंबोरीचं घुंगरू

समुद्राच्या काठी एक चिंबोरी राहायची. चिंबोरी म्हणजे छोटीशी खेकडी. लिंबाएवढी! तिच्या पायात होतं एक पितळी घुंगरू. ती तिरकी तिरकी चालायची. तुरुतुरु, छुमछुम. तुरुतुरु, छुमछुम.

एके दिवशी आली लाट. सळ्ळ्! लाट परत गेली. चिंबोरी चालायला लागली. तुरुतुरु... तुरुतुरु...

छुमछुम कुठं गेलं?

पायात घुंगरू नाही! गेलं वाळूच्या पोटात.

वाळूत उभ्या होत्या शालनआत्या. हातात नवं कोरं मशीन. लांब दांडा, खाली गोल थाळी. वाळूखाली लोखंड असो, पितळ असो, मशीन ओरडतं, टूं टूं!

"आत्या, आत्या, माझं घुंगरू शोध!"

आत्या म्हणाल्या, "शोधते की! पण मशीनचे सेल संपले. मी इथं जागा धरून उभी राहते. तू सेल आण. आणि लवकर ये गं बाई, भरती येतेय!"

चिंबोरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली दुकानात. दुकानात नथूकाका.

"काका, काका, सेल द्या.
सेल नाही, तर मशीन बोलेना.
मशीन बोलेना, तर घुंगरू मिळेना!"

काका म्हणाले, "पोटात कावळे ओरडताहेत. काव काव! भाकरी आण, मग सेल देईन."

चिंबोरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली अंगणात. अंगणात चुलीपाशी सुंदरामावशी.

"मावशी, मावशी, भाकरी दे.
भाकरी नाही, तर काका सेल देईना.
सेल नाही, तर मशीन बोलेना.
मशीन बोलेना, तर घुंगरू मिळेना!"

मावशी म्हणाली, "चूल विझली. फूं फूं करून दमले. वाळकी झावळी आण, मग भाकरी देईन."

चिंबोरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली माडापाशी. माड अंगणाच्या कडेलाच. उंच उंच उंच!

"माडा, माडा, झावळी टाक.
झावळी नाही, तर मावशी भाकरी देईना.
भाकरी नाही, तर काका सेल देईना.
सेल नाही, तर मशीन बोलेना.
मशीन बोलेना, तर घुंगरू मिळेना!"

माड म्हणाला, "टाकली असती गं! पण पतंगाच्या मांजानं झावळी बांधून ठेवलीय. कात्री आण, मांजा काप, मग झावळी टाकीन."

कात्री? कात्री कुणाकडे? इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच नाही.

चिंबोरी नांग्या नाचवत म्हणाली,

"कात्री नाही, तर माड झावळी टाकेना.
झावळी नाही, तर मावशी भाकरी देईना.
भाकरी नाही, तर काका सेल देईना.
सेल नाही, तर मशीन बोलेना.
मशीन बोलेना, तर..."

कच्च!

"अगं बाई! हे काय वाजलं?"

कच्च! कच्च!

"माझ्या नांग्या! कात्री तर माझ्याचकडे!"

चिंबोरी चढली माडावर. टुकटुक टुकटुक. वारा आला. माड डुलला. चिंबोरीनं खोड घट्ट धरलं. वारा गेला. पुन्हा टुकटुक टुकटुक. पोचली शेंड्याला!

कच्च कच्च! मांजा तुटला.
धप्प! झावळी पडली, थेट मावशीच्या अंगणात.
भडभड! चूल पेटली.
टम्म! भाकरी फुगली.

भाकरी घेतली पाठीवर. चिंबोरी दिसेचना! भाकरीच पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु.

"अरेच्चा, भाकरीला पाय फुटले!" नथूकाका हसले. भाकरी खाल्ली. मचमच मचमच. मग काकांनी सेल दिले. एक या नांगीत, एक त्या नांगीत.

चिंबोरी आली आत्यांकडे. सेल बसले. टक! टक! मशीन जागं झालं. टूं!

आत्यांनी मशीन फिरवलं. फर्र इकडे. फर्र तिकडे. मशीन गप्प. लाट आली जवळ.

"मला मेलीला येतच नाही," आत्या म्हणाल्या. "आजच तर हातात घेतलंय."

"येईल की! माझ्यासारखी चाल, आत्या. खाली वाक. थाळी वाळूच्या अगदी जवळ. आता तिरकं तिरकं. हळूहळू."

चिंबोरी पुढे, आत्या मागे. तिरकं तिरकं. हळूहळू.

टूं!

खणलं. खरखर खरखर. निघालं काय? बाटलीचं बूच!

"ठेव पिशवीत," चिंबोरी म्हणाली. "पुढे चल."

तिरकं तिरकं. हळूहळू. लाट आली अगदी जवळ.

टूं! टूं! टूं टूं टूं!

"इथंच, आत्या, इथंच!"

आत्यांनी खणलं. चिंबोरीनं खणलं. खरखर खरखर. वाळूत काहीतरी चमकलं...

घुंगरू!

सळ्ळ्! आली लाट. पण आत्यांनी एका हातात मशीन घेतलं, एका हातात घुंगरू धरलेली चिंबोरी, आणि मारली उडी. टुण्ण!

आत्यांनी घुंगरू बांधलं. चांगल्या दोन गाठी मारून. तुरुतुरु, छुमछुम. तुरुतुरु, छुमछुम.

"आत्या, उद्या काय शोधायचं?"

"उद्या? उद्या माझी हरवलेली चावी!"

चिंबोरी शिरली बिळात, गोष्ट आली आपल्या घरात!