भोंगूचा उचललेला पाय

संगणकांच्या मानाने फार जुनी गोष्ट. एका यंत्राच्या पोटात भोंगू नावाचा प्रोग्रॅम राहायचा. गिरणीचा भोंगा वेळेवर वाजवणं हे त्याचं काम. तिथला कायदा मोठा कडक. आपली हद्द सोडून कुणी पाय टाकला, की सिग्नल नावाचा शिपाई यायचा आणि त्याला जागच्या जागी संपवायचा.

एके सकाळी भोंगूने पाऊल उचललं, तर समोर सिग्नल उभा! भोंगूची पाचावर धारण बसली. पण बिघाड शोधणारी डीबगरमावशी शेजारीच होती. तिने सिग्नलला अडवलं आणि भोंगूलाही उचलल्या पायानिशी तसंच थोपवलं.

"मावशी, हाकल गं त्याला! जाऊ दे मला पुढे."

"हाकलते. पण आधी पायाखाली बघ."

"नको, भीती वाटते."

मावशीने सिग्नल परत पाठवला. भोंगूने डोळे मिटून तेच पाऊल उचललं. सिग्नल हजर. पुन्हा हाकलला, पुन्हा हजर.

"मग मी पलीकडच्या यंत्रात पळून जातो," भोंगू रडकुंडीला आला.

"जा की. तिथे अशा शिपायाला सिग्नल नाही, अपवाद म्हणतात. पण याच पावलाला तोही येईल."

सिग्नलचा गार श्वास मानेला लागत होता. भोंगूने पहिल्यांदाच खाली पाहिलं. पाय पडणार होता तिथे जमीनच नव्हती.

त्याने हळूच पाय मागे घेतला. "मावशी, हा मला मारायला नव्हता ना आला?"

"मारायलाच आला होता," मावशी म्हणाली. "पण कुठे मरशील, तेही तोच दाखवत होता."