गोधडीचं पोट

"…पण बुवा, हा डोळा जिवंत का दिसत नाही, तेवढं सांगा."

भैरवगिरी बुवा सुईत दोरा ओवत होते. दोरा नेढ्यातून पार होईपर्यंत ते कुणालाच उत्तर देत नसत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रत्नप्रभालाही होतं. पण आज तिला धीर धरवत नव्हता. तिने तेच पुन्हा विचारलं.

नदीकाठच्या मठात बुवा वाकळा शिवत. घरोघरची जुनी लुगडी, फाटकी धोतरं त्यांच्याकडे यायची. बुवा ती थरावर थर लावून जोडायचे आणि ज्याच्या अंगावर काही नाही त्याला देऊन टाकायचे. रत्नप्रभा परकरात होती तेव्हा इथेच सुई धरायला शिकली.

पुढे लग्न झालं, घरात शिलाई मशीन आलं, आणि बाईंना बुवांचा तो लांबलचक धावदोरा गावठी वाटू लागला. त्या मशीनवर दोऱ्यांची चित्रं काढू लागल्या. कापड रिंगात ताणायचं, सुईखाली हातानेच फिरवायचं, आणि रंगीत दोऱ्यांनी पान, फूल, पाखरू असं भरायचं की बघणाऱ्याला बोट लावून पाहावंसं वाटावं. तालुक्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं तेव्हापासून तर मठाची वाटच बाई विसरल्या होत्या.

आज ती वाट आठवली होती. तीही भर दुपारी, बोचऱ्या वाऱ्यात, चपला पायात उलटसुलट घालून.

बुवांच्या पुढ्यात तिने बाळाची गोधडी पसरली होती. तिच्या दिवंगत आईच्या अंजिरी लुगड्याची. वर दोऱ्यांनी काढलेली मैना, पंखाखाली पिल्लू. पंखाचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. फक्त डोळ्याच्या जागी चाळण झाली होती. भरायचा, उसवायचा, परत भरायचा, परत उसवायचा. आता तिथे टाका धरायला कापडच उरलं नव्हतं.

गोधडीच्या तीन बाजू शिवून झालेल्या होत्या. चौथी उघडी होती.

उद्या सकाळी तिची नात घरी येणार होती. केतकीची, म्हणजे तिच्या लेकीची, मुलगी. दिवस भरायच्या आधीच आली होती. इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि रत्नप्रभाने तिला काचेबाहेरूनच पाहिलं होतं. नखाएवढा तळहात. आता डॉक्टर म्हणाले होते, न्या घरी, पण ऊब सांभाळा. सकाळी केतकीचा फोन आला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, आई, गोधडी झाली ना?

रत्नप्रभा हो म्हणाली होती. खोटं बोलताना तिच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला.

हे सगळं तिने बुवांना सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तिच्या शेजारी कापडी पिशवी होती, तिचे बंद तिने अजून मुठीत धरून ठेवले होते, आणि त्या पिशवीच्या तळाशी दुसरी एक गोधडी होती.

ती केतकीच्या पहिल्या मुलीसाठी शिवलेली. गेल्या वर्षीची. बाळ यायच्या कितीतरी आधीच तयार झाली होती. त्या वेळी रत्नप्रभाने ती आळीभर मिरवली, शेजारणींना उलटी करून दाखवली, की बघा, मागूनही गाठ दिसत नाही. बाळ घरी आलंच नाही. पाचवीसुद्धा पुजली गेली नाही. गोधडी ट्रंकेत गेली.

जाऊबाई परवा बोलून गेल्या होत्या. म्हणाल्या, ती घरात आहे तोवर दुसरी पुरी होणार नाही, नदीत सोडून दे एकदाची. त्या बोलून मोकळ्या झाल्या, आणि रत्नप्रभाची झोप उडाली. एरवी ती अशा गोष्टींना हसणारी बाई. पण आता तिला हसू येत नव्हतं. मठात डोळ्याचं विचारायचं आणि जाताना खालच्या डोहात पिशवी रिकामी करायची, असं तिने ठरवलं होतं.

दोरा नेढ्यातून गेला.

बुवांनी गोधडी उचलली. मैनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उघड्या बाजूने आत हात घातला, पार कोपरापर्यंत.

"पोटात काय न्हाई हिच्या," ते म्हणाले.

रत्नप्रभा घाईघाईने सांगू लागली. पोटात घालायला तिने नवऱ्याचं धोतर घेतलं होतं, ते खरबरीत लागलं. मग स्वतःची साडी घातली, तिचा रंग वर दिसेल असं वाटलं. मग केतकीचा शाळेतला फ्रॉक… तोही काढला. मशीनवरच्या नाजूक कामाला आतला थर अगदी सारखा लागतो, बुवा, नाहीतर चुण्या पडतात. आणि मुळात डोळाच झालेला नाही, तर शेवटची बाजू मिटणार कशी.

बुवांनी हात बाहेर काढला.

"मिटायचीच न्हाई तुला," ते म्हणाले.

"असं कसं म्हणता?"

बुवांनी उघड्या बाजूवरून बोट फिरवलं. खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

मागची गोधडी मिटल्यावर काय झालं, ते रत्नप्रभाला आठवत होतं. शेवटचा टाका घालून दोरा तिने दातांनी तोडला होता आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, झाली. बस, एवढंच म्हणाली होती. त्यानंतर झालेल्या सगळ्याला तो एक शब्द कारण असेल का, हा विचार वर्षभर तिच्या मानगुटीवर बसला होता. केतकीला ती हे कधी बोलली नव्हती.

"पिशवीत काय हाय?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. चिंध्या आहेत."

"चिंध्या एवढ्या घट्ट धरत्यात व्हय?"

तिने पाहिलं. बंदांचे वळ तळव्यावर उमटले होते. तिने मूठ सोडली, आणि बुवांनी पिशवी ओढून घेतली. ती नको म्हणेपर्यंत त्यांचा हात पिशवीत गेला होता.

जुनी गोधडी बाहेर आली. तिच्यावर मोर होता. अंगभर दोऱ्याचं काम आणि कुठे बोट ठेवायला जागा नाही, असं. बुवांनी ती मांडीवर घेतली. रत्नप्रभा खाली मान घालून बोलू लागली. बाळाचं सांगितलं, पाचवीचं सांगितलं, जाऊबाईंचं सांगितलं. डोहाचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, तशीच्या तशी पडून आहे बुवा, कुणाच्या अंगाला लागलेली नाही.

बुवा कापडाचा काठ चिमटीत धरून चोळत होते. बराच वेळ चोळत राहिले…

"ही कोरी न्हाई," ते म्हणाले.

"कोरीच आहे. ट्रंकेतच असते."

"कापड खोटं बोलत न्हाई, रत्ना. ही कुणीतरी वापरून मऊ केलीया. कोण घेतं हिला अंगावर?"

रत्नप्रभाने पदर तोंडाला लावला. दुपारी घरात कुणी नसायचं. ट्रंकेचं झाकण ती हळूच उघडायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. गोधडी काढून मांडीवर घ्यायची आणि बसून राहायची. कधी थोपटायची. मग भानावर येऊन घडी घालून ठेवायची. वर्षभर हे चाललं होतं. आळीत मान ताठ करून चालणाऱ्या बाईचं हे गुपित होतं, आणि आता ते एका म्हाताऱ्याने दोन बोटांत ओळखलं.

"मी," ती म्हणाली.

आणि मग तिला रडू आवरेना.

बुवांनी तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाणीही विचारलं नाही. तिचं रडणं ओसरू लागलं तेव्हा त्यांनी जुनी गोधडी जमिनीवर पसरून हाताने सारखी केली. अंजिरी गोधडीची उघडी बाजू फाकवली, आणि ही तिच्यात सरकवू लागले. दोन्हींचं माप एकच होतं. कोपऱ्याला कोपरा बसत गेला.

रत्नप्रभाने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"नको बुवा. ही नको. दुसरं काहीही घाला."

बुवा थांबले. पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

"मी घरी जाऊन नवा कापूस आणते. धोतर घालते. खरबरीत असलं तरी चालेल." तिचा आवाज चिरकला. "ते लेकरू एवढंसं आहे हो. अजून धड रडतासुद्धा येत नाही त्याला. तुम्ही सांगा, काही होणार नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत तर मी शिवते."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत राहिली. काही होणार नाही, एवढे तीन शब्द. दुसरं कुणीही असतं तर केव्हाच म्हणून मोकळं झालं असतं…

"मला ठावं न्हाई," बुवा म्हणाले.

खालचं धुणं थांबलं होतं. वारा मात्र तसाच होता, मठाच्या दारातून सरळ आत येत होता. रत्नप्रभाच्या अंगावर काटा आला. उद्या सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हाच वारा असणार, हे तिच्या मनात आलं. मनगटावरची तिची पकड सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

बुवांनी दुसऱ्या हाताने उरलेला कोपरा आत सारला. मोर दिसेनासा झाला. वरून त्यांनी गोधडी थोपटली, अगदी ती दुपारी थोपटायची तशीच. मघाशी ओवलेली सुई त्यांनी तिच्या बोटांत दिली.

मैनेच्या डोळ्याचं आता तिला आठवतही नव्हतं. ती उघड्या बाजूकडे पाहत होती, आणि आत दिसणाऱ्या त्या जुन्या काठाकडे.

"बुवा," ती अगदी हळू म्हणाली, "ही तिला नडली तर?"

"थोरली बहीण हाय ती," बुवा म्हणाले. "धाकटीला पांघरूण घालंल. आणखी काय करंल?"