चुलीवरचा काढा

“आणि द्यायचं कुणाला नाही?” वैद्य जनार्दनबुवांनी विचारलं.

मुकुंद हसला. नुकतेच त्याने किराईताचे गुण घडाघडा म्हणून दाखवले होते. भूक मेलीय, पोट जड आहे, जंत झालेत, ताप रेंगाळतोय... सगळ्यावर ही एक कडू काडी.

“बुवा, कडू आहे. विष थोडंच आहे?”

अंगणात किराईताच्या जुड्या वाळत होत्या, त्या बुवा उलटत राहिले. रोजच्यासारखीच सकाळ होती.

तेवढ्यात खालच्या आळीतली भागीरथी गूळखोबरं घेऊन आली.

“तोंड गोड करा बुवा! सून दोन जिवांची हाय. आत्ताच सुईण सांगून गेली.”

बुवांचा मघाचा प्रश्न आठवला, आणि मुकुंदच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“आन् आमी समजत हुतो पोट बिघडलंय! ताट समोर आलं की उमासे. म्हणून तर काल किराईत नेलं. तुमचा चेला लई हुशार. नाडीबी न बघता पुडी बांधून दिली!”

काल बुवा परगावी होते. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं.

“काढा चुलीवर ठेवलाय. गेल्या गेल्या पाजते,” म्हणत ती उठली.

मुकुंदने तोंड उघडलं... शब्द फुटेना. लोक आता कुठे त्याला धाकटे वैद्य म्हणू लागले होते.

भागीरथी फाटकापाशी पोचली.

“थांब,” बुवा म्हणाले. “तो काढा ओतून दे. गरोदर बाईला किराईत देत नाहीत, गर्भाला अपाय होतो. माझी चूक झाली.”

“तुमची? तुमी तर काल गावातबी नव्हता!”

“थेंबभर तरी घेतला का तिने?”

“न्हाई.”

“मग पाय उचल.”

पदर खोचून ती धावतच निघाली. ती वळणाआड गेल्यावर बुवांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. उरलेलं खोबरं मुकुंदच्या हातावर ठेवलं.

त्याला ते खाववेना.

“बुवा... माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात.”

बुवा पुन्हा जुड्यांकडे वळले.

“खोटं कुठं? कुणाला द्यायचं नाही, ते तुला आधी शिकवायचं होतं. राहून गेलं.”