‘रद्द’चं बटण

"यात ‘रद्द’चं बटण कुठं आहे रे?" गंभीरबुवांनी विचारलं.

"काढून टाकलं," देवव्रत म्हणाला. मान ताठ.

टेकडीवरच्या मठात बुवा गावोगावच्या वाचनालयांसाठी छोटे संगणक तयार करून घेत. त्यांवर साध्या मजकुराच्या फायली वाचायच्या, बस. फाइल निवडायची खिडकी देवव्रतनं तीन महिने खपून लिहिली होती. बुवांनी होकार दिला की ती बारा गावांत जाणार होती, त्याच्या नावानिशी. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"का काढलंस?"

"ते दाबलं की फाइलचं नाव रिकामं यायचं. रिकाम्या नावाची फाइल उघडायला गेलं की प्रोग्राम कोसळायचा."

"मग?"

"मग बटणच उडवलं. कटकटच मिटली! आणि वाचायला आलेला माणूस न वाचता परत जाईल कशाला? खिडकी उघडली की फाइल निवडलीच पाहिजे."

"निवडलीच पाहिजे...?"

"हो. त्यात काय चुकलं?"

बुवा उठले, दाराला आतून कडी घातली. कपाटातून तीन जुनी पुस्तकं काढून त्यांनी देवव्रतपुढे मांडली आणि दाराला पाठ लावून बसले.

"यातलं एक निवड."

"मला यातलं काही वाचायचं नाही."

"ते मी विचारलं नाही. निवड."

"बुवा, उगाच काय..."

"निवड."

देवव्रतनं पुस्तकांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची कानशिलं तापली होती.

"तीन महिने मी इथं घाम गाळला, आणि तुम्ही माझी थट्टा मांडलीय?"

"निवड," बुवा शांतपणे म्हणाले.

"नाही निवडत!" तो ताडकन उठला. "नका देऊ होकार. माझं नाव नको, तुमची बारा गावंही नकोत. पण जबरदस्तीनं मी एका पुस्तकाला हात लावणार नाही. काय करायचं ते करा!"

आता तो थेट बुवांसमोर उभा होता. मठात त्यांच्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

बुवांचा चेहरा खुलला. गुडघ्यावर हात टेकत ते उठले, कडी काढली आणि दार सताड उघडून बाजूला झाले.

"जा बाबा. माझ्या दाराला आहे ते बटण."