साळूआजीचा पंजा

प्राणी एकमेकांना नावाने ओळखत, त्या जुन्या काळाच्या शेवटी रानातल्या झऱ्यावर एक यंत्र आलं. पंजा ठेवायचा, ठसा जुळला की झाकण सरकायचं आणि पाणी मिळायचं.

दोन दिवस पाणी न प्यालेली म्हातारी साळिंदर, साळूआजी, रांगेतून पुढे आली. तिने पंजा ठेवला.

"ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं.

"आजी, पंजा पुसून ठेवा की," यंत्राजवळचं माकड म्हणालं.

"तिसऱ्यांदा पुसला रे बाबा."

"मग जोरात दाबा. रांग खोळंबलीय."

तिने दाबला. यंत्र म्हणालं, "या पंज्यावर रेषाच नाहीत."

"होत्या. हा झरा उकरताना झिजल्या."

माकडाने मान खाली घातली. "मला ठाऊक आहे, आजी. पण यंत्राला ते कळत नाही. उद्या या."

साळूआजी कोरड्या ओढ्यात उतरली आणि थांबत थांबत वाळू उकरू लागली. दिवस कलताना ओंजळभर पाणी लागलं. ती पिणार, तोच समोर म्हातारा कोल्हा येऊन उभा राहिला. त्याने आपला गुळगुळीत पंजा पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"राहू दे रे. पी आधी," साळूआजी म्हणाली आणि बाजूला सरकली.