जीप बंद पाडा

“सुरू झाली ना? मग आता आणखी काय करायचं?”

डॉक्टर हर्षला चौगुले जीपच्या आवाजावर आवाज चढवून विचारत होती. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर काळा पट्टा. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

ती गुरांची डॉक्टर. आजऱ्याच्या वरच्या धनगरवाड्यांवर दुसरी गाडी चढत नाही, म्हणून तिनं ही पासष्ट सालची जीप घेतली होती. उद्या पहाटे बर्फाच्या पेटीतून लस घेऊन वर जायचं होतं. वाटेत गाडी थांबली, तर बर्फ वितळणार आणि लस वाया जाणार.

पंधरा दिवस ती हसनमेस्त्रींकडे काम शिकत होती. जीपचं जुनं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. आज सकाळी जीप रुसली, तेव्हा मेस्त्रींना हातही लावू न देता दोन तासांत तिनं ती सुरू केली होती.

मेस्त्रींनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन गप्प झालं.

“काय काय केलं?”

“प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. बॅटरीचे नट आवळले.”

“यातल्या कशानं सुरू झाली?”

“यातल्याच कशानं तरी!”

“आता बंद पाडा.”

“काय?”

“सकाळी बंद होती तशी. चावी चालू, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन घेत न्हाई. तशी.”

“अहो मेस्त्री, लोक चालू करायला शिकतात!”

मेस्त्री स्टुलावर बसून चहा बशीत ओतू लागले.

तिनं चिडून जुने प्लग परत लावले. जीप सुरू झाली.

जुना फिल्टर लावला. सुरू झाली.

बॅटरीचे नट सैल केले. तरी सुरूच.

आता मात्र तिचा राग कुठल्या कुठे गेला. केलेलं सगळं उलटं फिरवलं, तरी गाडी चालतेय! म्हणजे दुरुस्त केलं कुणी?

ती बॉनेटखाली वाकली. सकाळी प्लगपर्यंत हात जावा म्हणून आपण काय काय बाजूला सारलं, ते आठवू लागली. डावा हात इथे होता. पाना इथून घातला. मधे ही एक बारीक वायर आडवी येत होती, ती कोपरानं ढकलली...

तिनं वायर बोटांत धरली. एका जागी वरचं रबर घासून आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

इंजिन चालूच होतं. तिनं लाकडी काडीनं वायर हळूच पूर्वीच्या जागी, लोखंडाला टेकवली.

फट्... शांतता.

स्टार्टर मारला. नुसता फिरत राहिला. अगदी सकाळसारखा. प्लगच्या ठिणगीचा करंट परस्पर लोखंडात उतरत होता.

“बंद पडली!” ती ओरडली. “मेस्त्री, बंद पडली! बघा, बंद पडली!”

शेजारचा पंक्चरवाला धावत बाहेर आला. गाडी बंद पडल्यावर इतकं नाचणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं वायर बाजूला घेतली. सुरू. पुन्हा टेकवली. बंद. पुन्हा. पुन्हा. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तशी.

मग चावी बंद करून तिनं उघड्या तारेवर घट्ट टेप गुंडाळली, वायर लोखंडापासून दूर बांधली. प्लग, फिल्टर, नट नीट केले. जीप एका दमात बोलली.

तेवढ्यात तिला एक शंका आली.

“मेस्त्री... उद्या वर डोंगरात दुसरंच काही बिघडलं तर? तिथं मेस्त्री कुठून आणायचा?”

हसनमेस्त्रींनी बशी खाली ठेवली.

“हाय की. आजपास्नं हाय.”