एकही विमान आलं नाही

“...मग माझं चुकतं कुठे, तेवढंच सांगा ना, चाचा.”

हसनचाचा मुकादम जिना चढून दाराशी आले होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, गुडघ्यावर हात टेकून उंबरा ओलांडला आणि खोलीभर सावकाश नजर फिरवली.

खोली होतीच तशी बघण्यासारखी. चिपळुणातल्या घराच्या माडीवर सारंग खेडेकरनं विमानाचं नाक उभं केलं होतं. समोर तीन मोठे पडदे. त्यांच्याखाली प्लायवूडची फळी, फळीत बसवलेली शंभरेक बटणं. बसायला भंगारातून आणलेल्या जीपची सीट. उजव्या हाताला इंजिनाचे दांडे, पुढ्यात सुकाणू. विमान सगळं कॉम्प्युटरमधलं. पण सीटवर बसून पट्टा आवळला, की समोर ढग यायचे, खाली डोंगर यायचे आणि सारंगचा तळहात खरोखरीचा घामेजायचा.

घरबसल्या विमान चालवणारी अशी माणसं पुष्कळ आहेत बरं का. त्यांचे गट असतात. त्यांच्यात लहानमोठं असतं, मानपान असतो.

सारंगच्या गटात एक परीक्षा होती. निवृत्त कॅप्टन दूरवरून पडद्यावर बघायचे. विमान नीट उतरवलं, तर नव्या माणसांना शिकवायची परवानगी मिळायची. सारंग दोनदा बसला. दोन्ही वेळा विमान फुलासारखं टेकलं. दोन्ही वेळा कॅप्टन एवढंच म्हणाले, “पुन्हा या.”

तिसरी वेळ रविवारी होती. तीच शेवटची.

अठराव्या वर्षी वैमानिक व्हायला निघालेल्या सारंगला डॉक्टरांनी लाल आणि हिरवा रंग ओळखायला लावला होता. त्याला ओळखता आला नाही. कागदावर फुली पडली ती पडलीच. त्याला सोळा वर्षं झाली. आता कुणीतरी एकदा ‘हो’ म्हणावं, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं, आणि त्यासाठी तो रोज ऑफिसातून आल्यावर इथे येऊन बसायचा. आज तर रजाच टाकली होती.

चाचांना विचारायची युक्ती नीरजाची, त्याच्या बायकोची. दोन आळ्या पलीकडे राहणारा हा म्हातारा एकतीस वर्षं विमानतळावर नोकरीला होता, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं.

“कॅप्टन होते?” सारंगनं विचारलं होतं.

“बंबावर होते. आग विझवायच्या.”

सारंग हसला होता. पण रविवार जवळ येत होता.

“तुम्ही विमान किती वेळा चालवलंत, चाचा?” आताही त्यानं जरा खोचकच विचारलं.

“चालवणं कसलं, बेटा. बसलोसुद्धा नाही कधी.”

“मग?”

“येताना बघितली आहेत.”

सारंगनं त्यांना मागच्या भिंतीपाशी खुर्ची दिली. चाचा बसले. गुडघा चोळू लागले.

“मी करून दाखवतो. तुम्ही बघा,” सारंग म्हणाला. “डोंगरावरची धावपट्टी आहे. दोन्ही टोकांना दरी. बाजूनं वारा. रविवारी हेच येणार.”

डाव्या हाताशी कीबोर्ड होता. त्यातल्या एका कळीवर त्यानं नीरजाची टिकली चिकटवली होती, न बघता बोटाला लागावी म्हणून. ती कळ दाबली की विमान धावपट्टीपासून दहा मैलांवर, तीन हजार फुटांवर जाऊन हजर.

त्यानं टिकली दाबली. दूरवर धावपट्टी दिसली, काडीएवढी.

मागे खुर्ची करकरली. चाचा उभे राहिले होते.

“दिसत नाही का तिथून? खुर्ची पुढे घ्या.”

“दिसतं.”

“मग बसा की.”

“असू दे. विमान येतंय ना.”

सारंगनं खांदे उडवले आणि कानांवर हेडफोन चढवले.

चार मिनिटांत विमान टेकलं. चाकांचा आवाज आला न आला. सारंगनं मान न वळवताच अंगठा वर केला आणि टिकली दाबली. पुन्हा दहा मैल. पुन्हा काडीएवढी धावपट्टी.

दुसरं टेकलं. तिसरं टेकलं. चौथ्याला वारा वाढवला. पाचव्याला पाऊस लावला. सहाव्याला विमान जरा भरकटलं, पण शेवटच्या क्षणी त्यानं असं काही हिसकून सरळ केलं, की त्याचा तोच खूश झाला. टेकलं, टिकली दाबली. टेकलं, टिकली दाबली.

अकरावं टेकल्यावर त्यानं हेडफोन काढले आणि सीटसकट मागे वळला.

“अकरा! एक तरी आपटलं का, सांगा.”

चाचा उभेच होते. एक हात भिंतीला. पायजम्यातला उजवा गुडघा बारीक थरथरत होता.

सारंग चपापला. “अहो... तुम्ही मघापासून उभे आहात?”

“हो.”

“पाऊण तास झाला! बसा आधी. पाय बघा तुमचा.”

“कसा बसू?” चाचा म्हणाले. “अजून एकही विमान आलं नाही.”

सारंगला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं.

“चाचा, अकरा आली. तुमच्या डोळ्यांदेखत.”

“टेकली... आणि नाहीशी झाली. अकराच्या अकरा. कुठे गेली, बेटा?”

“पुन्हा मागे नेली. सरावासाठी.”

“हां.”

चाचांनी भिंतीवरचा हात बदलला. मग म्हणाले, “आमचे एक उस्ताद होते. मी लागलो तेव्हा फायर स्टेशनवर मोठे तेच. त्यांनी शिकवलं होतं, ज्याची नजर ठेवायची पाळी असेल, त्यानं विमान दिसलं की उठायचं. धावपट्टी सोडून ते बाहेर पडलं की बसायचं. मधे बसायचं नाही.”

“का?”

“मी विचारलं नाही.”

“एकतीस वर्षांत?”

“एकतीस वर्षांत.”

सारंगला हसू आवरेना. “चाचा, ते खरं विमान होतं. त्यात माणसं होती. ह्यात कुठे माणसं आहेत? हे सगळं खोटं आहे हो.”

“असं?” चाचांनी मान हलवली. “मग रविवारचं तेवढं खरं?”

...

सारंगचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

तो पुढे वळला. त्यानं पडद्याकडे बघितलं. धावपट्टीवर विमान थांबलेलं होतं, अकरावं, मधोमध, वाट अडवून. त्याला आजवर कुठल्याच विमानाचं पुढे काय होतं, ते ठाऊक नव्हतं. धावपट्टीवरून बाहेर कुठल्या वाटेनं पडायचं, हेसुद्धा त्याला शोधावं लागलं असतं.

“एक नीट आणतो,” तो शेवटी म्हणाला. “एकच.”

“आण.”

“तोवर बसा तरी.”

“आण तू.”

सारंगनं हेडफोन घातले नाहीत. विमान दहा मैलांवर ठेवलं आणि कीबोर्ड उचलून पायाशी जमिनीवर ठेवला. फार लांब नाही. वाकलं तर हात पोचेल, इतक्यावर.

हा सारा कारभार पुढे कसा झाला, ते नीट ऐका.

पहिली तीन मिनिटं चांगली गेली. चाकं खाली आली. वेग उतरला. हजार फुटांवर सगळं जागच्या जागी हवं, असा ह्या धंद्यातला नियम. सगळं नव्हतं, पण थोडंच बाकी होतं. मग दरीतून वारा उठला. विमान डावीकडे सरकलं. सारंगनं आणलं, तर वेग वाढला. वेग मारला, तर नाक पडलं. पाचशे फुटांवर धावपट्टी पुढ्यात हवी, ती उजव्या खांद्यावर दिसत होती.

तसं घाबरण्यासारखं नव्हतं. असं विमान त्यानं शेकडो वेळा शेवटच्या क्षणी हिसकून बसवलं होतं. आजही सहावं तसंच बसवलं होतं. परीक्षेतलीही दोन्ही तशीच.

उजवीकडचा पडदा जुना होता, मधूनच काळा पडायचा. तो नेमका तेव्हा काळा पडला. त्या काळ्या काचेत सारंगला मागची भिंत दिसली. भिंतीला टेकलेला हात दिसला. गुडघा आता नुसता थरथरत नव्हता, लटपटत होता.

उतरव, त्याचं मन म्हणालं. लवकर उतरव, म्हणजे म्हातारा बसेल.

चारशे फूट.

त्याचं बोट आपोआप टिकलीकडे निघालं. तिथे कीबोर्ड नव्हता. तो वाकू लागला... आणि अर्ध्यात थांबला. टिकली दाबली तरी चाचा उभेच राहणार होते. हिसकून बसवलं तर बसले असते. पण मग आलं म्हणावं का त्याला?

तीनशे.

सारंगनं दोन्ही दांडे पुढे रेटले. इंजिनं गर्जली. नाक वर उचललं. धावपट्टी पोटाखालून सरकून गेली.

“चाचा...” तो अर्धवट मागे वळला. “परत फिरवतोय. अजून बारा मिनिटं लागतील. जास्तच.”

“फिरव.”

“तुम्हाला उभं...”

“तू समोर बघ.”

चाकं वर गेली. विमान ढगात शिरलं. आता वेळच वेळ होता. सारंगनं नकाशा बघितला, वारा बघितला. मघाशी कुठे उशीर केला, ते त्याला लख्ख दिसलं. आजवर ते दिसायच्या आतच तो टिकली दाबत आला होता.

जिन्यावर पावलं वाजली. नीरजा चहा घेऊन आली. चाचांना भिंतीशी उभं बघून तिनं नवऱ्याकडे डोळे वटारले.

“अहो, त्यांना बसायला तरी द्यायचं! ह्या घरात दिवसाला वीस विमानं उतरतात, चाचा, पण मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणायला खाली कुणी उतरत नाही. बसा तुम्ही, चहा घ्या.”

“ठेव, बेटी. विमान वर आहे.”

“चहा निवेल.”

“निवू दे.”

नीरजानं सारंगकडे बघितलं. तो काहीतरी टोमणा परत करील, असं तिला वाटलं होतं. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. तिनं कप खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला, आणि का कोण जाणे, ती निघून गेली नाही. दाराशी उभी राहिली.

विमान डोंगराला मोठा वळसा घालून आलं. ह्या वेळी सारंगनं चाकं लवकर काढली. वेग लवकर उतरवला. हजार फुटांवर त्याला करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. दरीतला वारा आला. विमान हललं. त्यानं बोटभर सुकाणू वळवलं, विमानानं ऐकलं.

पाचशे. धावपट्टी पुढ्यात.

शंभर.

टेकलं. फुलासारखं नव्हे. धप्पकन आवाज आला, बटणांची फळी हादरली. तासाभरापूर्वी सारंगला ह्या आवाजाची लाज वाटली असती.

आवाज झाला तसा त्याचा डावा हात हवेत उचलला गेला. सवय होती ती. त्यानं हात खाली घेतला आणि ब्रेक दाबला. विमान हळू झालं. डावीकडे बाहेर पडायची वाट होती. पिवळी रेघ तिकडे वळत होती. तो चुकला, पुढे गेला, दुसरी वाट शोधली. माणूस चालेल इतक्या वेगानं विमान धावपट्टीवरून बाहेर काढलं.

मागे खुर्ची करकरली.

सारंगनं श्वास सोडला. पण तो वळला नाही. रेघेमागून रेघ धरत त्यानं विमान इमारतीपाशी नेलं. थांबवलं. एक इंजिन बंद केलं. दुसरं बंद केलं. घूं घूं करत आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की खाली रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली.

मग तो वळला.

चाचा खुर्चीत बसले होते. गार चहाचा कप दोन्ही हातांत होता. अजून तोंडाला लावला नव्हता.

“चाचा,” सारंग घाईघाईनं म्हणाला, “आता सांगा. आलं ना? रविवारी जमेल ना मला? हो म्हणतील ना?”

त्याचा हात पट्ट्याच्या बकलावर गेला होता. उठायच्या बेतात होता तो.

चाचांनी एक बोट वर केलं. पडद्यावरच्या, दारं मिटून गप्प उभ्या असलेल्या विमानाकडे ते बघत होते.

“थांब...” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आधी माणसं उतरू देत.”